हँडलवरचा मोबाइल चार्जर पुन्हा पुन्हा बंद पडतोय? नवा घेण्याआधी हे तपासा

दीड वर्षात माझ्या साडेतीनशे सीसीच्या गाडीवर मी तीन चार्जर लावले. पहिले दोन बंद पडले म्हणून सरळ कचऱ्यात टाकले. तिसरा बंद पडला तेव्हा मात्र तो हँडलवरून काढला, घरी आणला आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडून पाहिला. पठ्ठ्या ठणठणीत! फोन लावल्या लावल्या चार्ज व्हायला लागला. मग आधीच्या दोघांची आठवण आली आणि जरा ओशाळल्यासारखं झालं.

त्यानंतर ओळखीतल्या पाच-सहा गाड्यांवर हाच घोळ निस्तरलाय. दर वेळी चोर चार्जरच्या बाहेर सापडला. कुठे वीज भलत्याच वायरीतून घेतलेली, कुठे अर्थिंग, म्हणजे मायनसची काळी वायर, हँडललाच दिलेलं, कुठे नुसती केबल भिकार. दुकानदाराला विचारलं तर तो नवा चार्जर देणार, कारण त्याच्याकडे विकायला तोच आहे.

हत्यार एकच लागतं, साधा डिजिटल मल्टिमीटर. दोन-तीनशे रुपयांत येतो. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास हवे तेवढे मिळतील. वायरिंगवाल्याकडचा टेस्ट लॅम्प वीज आहे की नाही एवढंच सांगतो. आपल्याला ती किती आहे आणि वाटेत किती गळाली हे बघायचंय.

आधी बॅटरी बघून घ्या

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ दिसलं पाहिजे. १२ च्या आसपास असेल तर बॅटरी जवळजवळ रिकामी आहे. आता गाडी चालू करून थोडी रेस द्या. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान गेला तर वीज बनवणारी कॉइल आणि व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर आपापलं काम करतायत. रेस देऊनही तो साडेबाराच्या पुढे सरकत नसेल, तर चार्जर बाजूला ठेवा, आधी गाडीचं चार्जिंग दुरुस्त करा. आणि १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय. अशा गाडीवर चार्जर खरोखरच मरतात, एकामागून एक. बल्बही वरचेवर उडत असतील, आठवून बघा.

बॅटरीचे नट हातानं हलवून बघायला विसरू नका. चालू गाडीत टर्मिनल क्षणभर सुटलं तर रेग्युलेटरकडून येणारा झटका झेलायला बॅटरी जागेवर नसते, तो बाकीच्या सामानावर बसतो.

गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही

माझा पहिला चार्जर असा बदनाम झाला. मीच लावला होता, लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला, दहा मिनिटांत काम. त्यावर व्होल्ट दाखवणारा निळा डिस्प्ले होता, रात्री पार्किंगमध्ये छान दिसायचा. दिवाळीला दहा दिवस गावी जाऊन आलो, सेल्फ मारला, तर नुसतं टक-टक-टक.

हिशेब शाळकरी आहे. तो डिस्प्ले आणि आतलं सर्किट मिळून माझ्या गाडीवर २० मिलिअँपिअर खात होते. म्हणजे दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर. दहा दिवसांत ४.८. बॅटरी ८ अँपिअर-अवरची. अर्ध्याहून जास्त चार्ज त्या निळ्या आकड्यांनी गिळला, उरलेल्यात सेल्फ फिरेना. १००-१२५ सीसीच्या गाड्यांना याहून लहान बॅटऱ्या असतात, तिथे बॅटरी बसायला चार-पाच दिवसही पुरतील.

मोजायचं असेल तर किल्ली बंद ठेवून बॅटरीची मायनस वायर काढा आणि मीटर अँपिअरवर लावून वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये धरा. चार्जरचा फ्यूज काढला की आकडा किती उतरतो ते बघा. आणि मीटर असा मध्ये असताना सेल्फचं बटण दाबू नका. मी सवयीनं दाबलं. मीटरच्या आतला फ्यूज गेला आणि तो शोधत पुन्हा बुधवार पेठ.

उपाय म्हणजे चार्जर किल्लीबरोबर चालू-बंद झाला पाहिजे. पण इथेच पुढचा खड्डा आहे.

फ्यूज उडतो आणि चार्जरबरोबर बाकीचंही जातं

दुसरा चार्जर एका वायरिंगवाल्याकडून लावून घेतला. त्याला म्हटलं, किल्लीवर चालू पाहिजे. त्यानं सीट काढली, टेल लॅम्पची वायर ब्लेडनं सोलली, चार्जरची वायर तिला पिळून वर काळी टेप गुंडाळली. पाच मिनिटं. असं करणारा तो काही एकटा नाही. हॉर्नच्या किंवा टेलच्या वायरीला टाका मारणं ही सर्रास पद्धत आहे, आणि बऱ्याचदा महिनोन् महिने काही होतही नाही.

माझं ताम्हिणीत झालं. माणगावकडून परत येत होतो, अंधार पडलेला. एका वळणावर मीटर, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट सगळं एकदम गेलं. हेडलाइट वेगळ्या फ्यूजवर होता म्हणून घाट पार केला. टाकीखालून आणलेली चार्जरची वायर फ्रेमच्या कडेला घासून सोलली गेली होती आणि बॉडीला टेकत होती. तिला स्वतःचा फ्यूज नव्हता, त्यामुळे गाडीचाच उडाला. तो ज्या ज्या गोष्टींना पुरवत होता त्या सगळ्या चार्जरबरोबर गेल्या.

वाटेत एका टपरीवरच्या मेकॅनिकनं मदत केली. जळक्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून बसवत होता. हेतू चांगलाच होता. पण फ्यूज उडाला याचा अर्थ कुठेतरी शॉर्ट आहे, आणि कागद लावला की आता फ्यूजच्या जागी वायर जळणार, तीही पेट्रोलच्या टाकीखाली. मी आधी चार्जरची वायर ओढून सोडवली, मग डब्यातला जादा फ्यूज लावला. सगळं परत आलं.

तेव्हा फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा लावू नका. वायर कुठे घासतेय ते शोधा. टाकीच्या पुढच्या टोकाखाली, सीटच्या बिजागरीपाशी आणि स्टीअरिंगजवळ, या तीन जागी पहिल्यांदा बघा.

जोडणी कशी हवी ते सांगतो, कारण एकदा ही नीट केली की निम्म्या तक्रारी उरतच नाहीत. मी शेवटी नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी आधीच्या जोडाची टेप उलगडली, आतली हिरवी पडलेली तार मला दाखवली आणि म्हणाले, "साहेब, चार्जर कशाला बदलताय? वायर मेलीय."

त्यांनी चार पायांचा रिले लावला, म्हणजे थोड्याशा विजेवर चालणारा आणि मोठा भार चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीच्या प्लसवरून थेट नवी वायर काढली, आणि टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत ५ अँपिअरचा पात्याचा फ्यूज बसवला. फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा. चार्जरजवळ बसवला तर मधली सगळी वायर उघडी पडते. फ्यूजमधून ती वायर रिलेच्या ३० नंबरच्या पायाला. ८७ वरून निघालेली चार्जरला. ८५ अर्थला. आणि ८६ ला किल्लीवर जिवंत होणारी वायर, तीच टेल लॅम्पची. म्हणजे टेलच्या वायरीतून फक्त रिलेची कॉइल चालते, तिला साधारण दीडशे मिलिअँपिअर लागतात. चार्जरचा भार तिच्यावर येतच नाही. किल्ली फिरवली की सीटखाली टिक असा आवाज येतो.

वायर एक चौरस मिलिमीटरची घेतली. फोनला १० वॅट द्यायचे तर बॅटरीकडून अँपिअरभरच घेतला जातो, म्हणजे विजेच्या हिशेबानं ती जाडच आहे. पण गाडीवर वायर तुटते ती कंपनानं आणि ओढानं, त्यामुळे जाडी कामाला येते. जोड क्रिंप करून, म्हणजे धातूच्या टोपणात दाबून, वर हीट श्रिंकची, गरम केली की आवळून बसणारी नळी. काळी टेप उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते, मग पावसाळ्यात पाणी आत जातं.

जुन्या गाडीवाल्यांसाठी एक इशारा. रेस दिली की तुमचा हेडलाइट भगभगून वाढत असेल आणि आयडलला मिणमिणत असेल, तर तो बहुधा बॅटरीवर नसून थेट मॅग्नेट कॉइलच्या एसीवर चालतोय. त्या वायरीतून चार्जरला वीज देऊ नका. आणि १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालू असणं सक्तीचं झालं, त्यामुळे दिवसा लाइट बंद ठेवून बॅटरी वाचवू हा हिशेबही नव्या गाड्यांत चालत नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर मूळ हार्नेसला, म्हणजे कंपनीच्या वायरींच्या जुडग्याला, ब्लेड लावू देऊ नका. कपलरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या खटक्याच्या, मधे बसणारी जोडवायर मिळते, ती घ्या. पुढे विजेची कुठलीही तक्रार घेऊन गेलात की सर्व्हिसवाला आधी तो काप दाखवतो.

वळणावर, खड्ड्यात चार्जिंग तुटतं

रिले झाला, फ्यूज झाला, आता सगळं सुरळीत, असं मी समजत होतो. तिसरा चार्जर दोन महिने चांगला चालला. मग फोन ट्रिंग ट्रिंग करायला लागला. खड्डा आला की ट्रिंग, हँडल डावीकडे वळवलं की ट्रिंग. दर वेळी चार्जिंग सुटून परत लागायचं आणि स्क्रीन उजळायची. कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये तर देवळातली घंटा बरी.

याची परीक्षा फार सुंदर आहे आणि ती कोणी करत नाही. गाडी चालू, चार्जरला फोन लावलेला, चार्जिंग सुरू. मीटर डीसी व्होल्टवर. एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी चार्जरच्या लाल वायरीवर, जिथे ती चार्जरमध्ये शिरते तिथे. सुई वायरीत टोचता येत नसेल तर जोड उघडा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत गळतायत. ०.२ च्या आत असेल तर उत्तम. मग तसंच बॅटरीच्या मायनसपासून चार्जरच्या काळ्या वायरीपर्यंत.

माझं लाल बाजूला ०.१ आलं. मामांचं काम चोख होतं. काळ्या बाजूला १.९. मित्राला हँडल हळूहळू फिरवायला सांगितलं, तर आकडा ०.४ पासून ३ च्या पुढे नाचायला लागला.

कारण मीच. चार्जर हँडलवर बसवताना काळी वायर लांबवायचा कंटाळा केला होता आणि ती आरशाच्या नटाखाली दाबली होती. हँडल लोखंडी, फ्रेम लोखंडी, मग अर्थ मिळणारच की! मिळतो, पण वीज हँडलपासून फ्रेमपर्यंत जाते ती स्टीअरिंगच्या बेअरिंगमधून, म्हणजे ग्रीसमध्ये बुडालेल्या गोट्यांमधून. नवीन असताना भागतं. गोट्या जागा बदलतात, ग्रीस सरकतं, नटाखाली रंग आणि गंज असतो, आणि संपर्क क्षणभर तुटतो. चार्जर बंद होऊन पुन्हा उठतो. फोनला वाटतं कोणी केबल काढून परत लावली.

काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत नेली. आकडा ०.१ वर आला, हँडल कसंही फिरवा. त्या तिसऱ्या चार्जरला नाहक घरी नेऊन उलटतपासणी केली होती.

आकडे स्थिर असूनही हँडल वळवल्यावर तुटत असेल, तर वायर स्टीअरिंगपाशी आतून तुटलेली असते. वरचं प्लॅस्टिक साबूत, आतली तार दोन धाग्यांवर लटकलेली. तिथे वायर चिमटीत धरून ताणून बघा. जिथे ती रबरासारखी लांबते तिथे आत तांबं उरलेलं नाही. नवी टाकताना हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून मगच टाय बांधा, आणि त्या टप्प्यात वायरीला थोडा ढील ठेवा.

चारचाकीत असतं तसं गोल, सिगारेट लायटरचं सॉकेट लावलं असेल तर वेगळंच. त्याची पिन स्प्रिंगच्या जोरावर टिकते आणि सिंगल सिलिंडरच्या धडधडीत हळूहळू बाहेर सरकते. ते दुचाकीसाठी बनलेलंच नाही. मोठ्या परदेशी टूरिंग गाड्यांवर बारीक, १२ मिलिमीटरचं घट्ट बसणारं सॉकेट येतं ते याच कारणानं. आपल्याला फोनच चार्ज करायचा असेल तर थेट यूएसबीचं युनिट घ्या, मधला एक सैल जोड वाचतो.

चार्जिंगची खूण दिसते, टक्के मात्र उतरतात

पुण्याहून ६२ टक्क्यांवर निघालो, सबंध रस्ता फोन चार्जरला, हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा ४१. चार्जर, वायर, अर्थ सगळं ठीक. मग?

केबल. दुकानात पन्नास-साठ रुपयांना मिळणाऱ्या केबलीत तांबं केसाएवढं असतं. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा, तो जितका मोठा तितकी तार बारीक. २८ गेजची तार एका मीटरला साधारण ०.२१ ओहम, जाताना आणि येताना मिळून ०.४३. तिच्यातून २ अँपिअर न्यायचे म्हटलं तर ०.८५ व्होल्ट वाटेतच संपतात. चार्जरनं ५ दिले, फोनच्या तोंडाशी ४.१५ पोचले. फोन हुशार असतो, व्होल्ट पडतायत दिसलं की तो स्वतःच कमी वीज ओढतो. अर्धा अँपिअर घेऊन चार्जिंगची खूण दाखवत बसतो. आणि तिकडे नकाशा चालू, स्क्रीन उन्हात पूर्ण उजळलेली, घाटात रेंज नाही म्हणून फोन टॉवर शोधत दमलेला. येणाऱ्यापेक्षा जाणारं जास्त.

२४ गेजची, हातभर लांबीची केबल घेतली आणि खेळ संपला. घरातली दोन मीटरची केबल गाडीवर गुंडाळून ठेवू नका. फास्ट चार्जिंगमध्ये व्होल्ट वाढवून, उदाहरणार्थ ९ व्होल्ट २ अँपिअरनं, १८ वॅट नेतात. तेवढ्याच २ अँपिअरवर जवळपास दुप्पट वॅट पोचतात, केबलमधली गळती मात्र तेवढीच राहते. पण चार्जर आणि फोन दोघांना एकच भाषा यायला हवी, नाहीतर दोघंही साध्या ५ व्होल्टवर येतात. काही फोनांची भाषा फक्त त्यांच्या घरच्या चार्जरला कळते, त्यामुळे खोक्यावरचे मोठे आकडे बघून भुलू नका.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक कारण असतं. फोन तापला की तो बॅटरी जपण्यासाठी चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये उन्हात ठेवलेला फोन म्हणजे झाकण लावलेली कढई. पाउच काढा, वारा लागू द्या. ही तक्रार घेऊन येणारा माणूस नेमका दुपारी बाराला चार्जर बिघडला म्हणतो आणि संध्याकाळी आपोआप ठीक झाला म्हणतो.

कंपनाचा विषय निघालाच आहे तर, २०२१ मध्ये ॲपलनं स्वतःच सांगितलं होतं की मोटरसायकलच्या जोरदार कंपनानं आयफोनच्या कॅमेऱ्यावर परिणाम होऊ शकतो. महागडा फोन असेल तर कंपन झेलणारा माउंट घ्या, किंवा माझ्यासारखा जुना फोन नकाशासाठी ठेवा.

पावसानंतर बंद

पोर्ट उघडा राहिला, आत पाणी गेलं, आणि किल्ली ऑन असल्यामुळे त्यात वीजही होती. नुसत्या पाण्यानं तांबं इतक्या लवकर खराब होत नाही, पण पाणी आणि वीज एकत्र आली की पिना काही तासांत हिरव्या-काळ्या पडतात. रबरी झाकणावर विश्वास ठेवू नका, दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ते तुटून लोंबतंच. पोर्ट खाली तोंड करून बसवा. चार्जरकडे जाणारी वायर आधी चार्जरच्या खाली उतरून मग वर जाईल असा झोका द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी खालच्या वाकणावर टपकतं, आत जात नाही. आणि एक छोटा वेगळा स्विच असेल तर पाऊस लागला की तो बंद करा.

पिना हिरव्या झाल्याच तर जुना दातांचा ब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, किल्ली बंद ठेवून. एक दिवस वाळू द्या. माझे दोनदा असे वाचलेत. पाऊस नसताना चार्जर गेला असेल तर आठवून बघा, नुकतीच सर्व्हिसिंग झालीय का. प्रेशरच्या पाण्याचा पाइप हँडलकडे वळला की कुठलंही झाकण टिकत नाही. मी आता गाडी धुवायला देताना चार्जरवर प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड लावून देतो. पोरं हसतात.

माझ्या गाडीवर एक गोष्ट मात्र अजून तशीच आहे. सेल्फ मारला की बॅटरीचे व्होल्ट क्षणभर ९-१० पर्यंत खाली येतात आणि फोन एकदा ट्रिंग करतो. ती ट्रिंग घालवायला मी आता काहीही करणार नाहीये. आधी सेल्फ मारतो, मग केबल लावतो.